विण्याआधीचे २१ दिवस

आजच्या भागाची सुरुवात एका फोनपासून करतो.

पहाटे साडेपाचची वेळ. "डॉक्टर, गाय काल संध्याकाळी व्याली. कालवड झाली. रात्री सगळं ठीक होतं, आता बसलीय ती उठतच नाही. मान पोटाशी वळवून पडलीय."

मी म्हटलं, "कानाला हात लावून बघा मावशी, कसे लागतात?"

"थंडगार."

"शेण टाकलंय?"

"रात्रीपासून नाही."

निदान फोनवरच झालं होतं. दुग्धज्वर, म्हणजे मिल्क फीव्हर. मी पोचलो तेव्हा गायीचं नाक कोरडं पडलं होतं, डोळे निस्तेज, आणि अंगाचं तापमान उलट कमीच. नावात ज्वर असला तरी या आजारात ताप नसतो. ज्यानं कुणी नाव ठेवलं त्याची ती चूक, पण ती आता कायमची चिकटली आहे. शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू चढवली, सारखे हृदयाचे ठोके ऐकत. अर्धी बाटली जाईपर्यंत गायीच्या अंगावर थरथर आली, तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, आणि आमचा चहा होईस्तोवर ती उभी राहिली. हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी पुन्हा बघावंसं वाटतं. आमच्या व्यवसायात इतकं झटपट यश फार कमी आजारांत मिळतं.

चहा देताना मावशींनी विचारलं, "डॉक्टर, मी तर शेवटचा महिनाभर रोज कॅल्शियम पाजलं. हिरवा लसूणघास एक दिवस तोडला नाही. मग कॅल्शियम कमी पडलं कसं?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. कालवड कोपऱ्यात पोत्यावर पडून होती. चीक पाजला का, असं विचारलं तर म्हणाल्या, "वार पडल्यावर पाजायचा म्हणून थांबलो होतो, आणि मग गायच बसली." म्हणजे जन्मून अकरा-बारा तास झाले होते. आता लगेच पिळून पाजा, असं सांगून मी पुढच्या गावाला निघालो. पाजल्याशिवाय निघायला नको होतं. तिसऱ्या दिवशी कालवडीला हगवण लागली, पाचव्या दिवशी ती गेली.

त्या घरात दोन गायी होत्या. कालवड म्हणजे तीन वर्षांनंतरची तिसरी गाय. ती गेली.

मावशींचा प्रश्न आणि ती कालवड, हे दोन वेगळे विषय आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. गाय व्यायल्यावर बसते तो आजार आणि वासराचा अशक्तपणा, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत असतं. आज तेवढंच सांगायचंय.

चयापचयाचे आजार म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत. यात जंतू नसतो, कुणाकडून लागण होत नाही. शरीरात येणं किती, जाणं किती आणि साठ्यातून काढणं किती, हा हिशेब फिसकटला की हे आजार होतात. चार लिटरच्या गावठी गायीत ते क्वचितच दिसतात, वीस लिटरच्या संकरित गायीत वारंवार दिसतात. कारण उघड आहे. हिशेब मोठा, तर तूटही मोठी.

आता कॅल्शियमचा हिशेब बघा. साधारण ५०० किलोच्या गायीच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम. फक्त तीन. आणि एका लिटर चिकात असतं सुमारे २ ग्रॅम. गायीनं पहिल्या दिवशी दहा लिटर चीक दिला तर २० ग्रॅम गेलं. म्हणजे रक्तातला साठा एका दिवसात सहा-सात वेळा नव्यानं भरावा लागतो. गाभण असताना पोटातल्या वासरासाठी रोज लागत होतं याच्या निम्म्याहून कमी. ही उडी एका रात्रीत पडते.

हे जास्तीचं कॅल्शियम येतं कुठून? एक वाट आतड्यातून, म्हणजे खाल्लेल्या चाऱ्यातून. दुसरी वाट हाडांतून. हाडं म्हणजे घरातली धान्याची कणगी. तिथं किलोंनी साठा पडून आहे. पण कणगी उघडायला हुकूम लागतो. तो हुकूम देते मानेतली एक छोटी ग्रंथी, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की ती संप्रेरक सोडते, त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडात ड जीवनसत्त्व कामाला लागतं, आतडी जास्त कॅल्शियम ओढू लागतात आणि हाडं साठा सोडू लागतात. मात्र हे सगळं सुरू व्हायला वेळ लागतो. आतड्याला साधारण एक दिवस, हाडांना दोन दिवस. गाय तर आजच दूध देतेय. ही मधली फट म्हणजे दुग्धज्वर. म्हणून तो बहुतेक वेळा व्यायल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या घरात रोज बाजारातून पीठ येतं, तिथं कणगीचं झाकण कुणी उघडत नाही. गाभणकाळाच्या शेवटी तुम्ही रोज भरपूर कॅल्शियम पाजलंत, तर त्या ग्रंथीला कामच उरत नाही. ती सुस्त पडते. मग विण्याच्या रात्री एकदम वीस ग्रॅमची मागणी आली की ती जागी होईपर्यंत गाय खाली बसलेली असते. मावशींनी कॅल्शियम दिलं नाही म्हणून गाय बसली नाही; दिलं म्हणून बसली, असं म्हणणं जास्त खरं आहे. आणि सांगायला लाज वाटते, पण नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हाच सल्ला मी स्वतः अनेकांना दिलेला आहे. दुकानात बाटली मिळते, बाटलीवर गुबगुबीत गाय छापलेली असते, देणाऱ्यालाही काहीतरी दिल्यासारखं वाटतं.

ही काही नवी गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात बोडा आणि कोल या दोघांनी १९५४ साली दाखवून दिलं होतं की विण्याआधी कमी कॅल्शियमचा आहार दिलेल्या गायींना दुग्धज्वर कमी होतो. सत्तर वर्षं झाली. आपल्या गोठ्यांत अजून उलटंच चाललंय.

जाता जाता एक जुनी गंमत सांगतो, कारण तिच्यातून आजार नीट कळतो. डेन्मार्कमध्ये श्मिट नावाचा पशुवैद्य होता. १८९७ साली त्यानं दुग्धज्वराच्या गायीच्या कासेत सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं पाणी भरलं. त्याची समजूत अशी की कासेत विष तयार होतं, ते मारायचं. गायी बऱ्या होऊ लागल्या. थोड्याच वर्षांत लक्षात आलं की औषधाची गरजच नाही, नुसती हवा भरली तरी गाय उठते. सायकलच्या पंपासारखा पंप घेऊन डॉक्टर गोठ्यागोठ्यांत फिरू लागले. समजूत साफ चुकीची, उपाय मात्र लागू. कारण हवेच्या दाबानं कासेत दूध उतरणं थांबायचं आणि रक्तातून कॅल्शियम जाणंही थांबायचं. रक्तात कॅल्शियमच कमी असतं हे कळायला १९२५ साल उजाडलं. आज कुणी कासेत हवा भरू नये, कासदाहाला आमंत्रण आहे ते. पण गळती कुठून होते हे त्या पंपानं दाखवून दिलं.

कॅल्शियमइतकीच महत्त्वाची दुसरी बाजू आहे पोटॅशियमची, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. चाऱ्यात पोटॅशियम जास्त झालं की गायीचं रक्त किंचित अल्कधर्मी होतं. त्या अवस्थेत पॅराथायरॉइडचा हुकूम निघतो, पण हाडं आणि मूत्रपिंड तो नीट ऐकत नाहीत. किल्ली आहे, कुलूप गंजलंय, अशी गत. नॉर्वेतल्या संशोधकांना हे वेगळ्याच वाटेनं सापडलं. आम्ल घालून मुरवलेला चारा खाणाऱ्या गायींना दुग्धज्वर कमी होतो, असं त्यांना दिसलं. त्यातूनच पुढे विण्याआधी आहार थोडा आम्लाकडे झुकवण्याची पद्धत आली.

मग आपल्याकडचा चारा बघा. तुम्ही बडोदा-आणंदकडे असाल तर रजको, पुणे-नगरकडे असाल तर लसूणघास, म्हणजे एकच वनस्पती. इंदूर-ग्वाल्हेरकडे किंवा त्याच्या वर असाल तर बरसीम. दुधाच्या गायीला हा चारा सोन्यासारखा. पण तिन्हीकडे कॅल्शियमही भरपूर, पोटॅशियमही भरपूर. दहा किलो हिरव्या लसूणघासातून साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. आटलेल्या गायीला शेवटच्या तीन आठवड्यांत हे नको. त्या काळात तिला मका, फुलोऱ्यावर आलेलं कडवळ, ज्वारीचा कडबा, मक्याचा मूरघास असा चारा द्या. घास दुभत्या गायींकडे वळवा, वाया काही जात नाही.

कोल्हापूर-बेळगावकडच्या मंडळींचा प्रश्न वेगळा असतो. तिथं हंगामात उसाचं वाढं हाच चारा. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. भाताच्या पेंढ्यातही ते असतं, म्हणजे कोकण असो की तंजावर, तिकडच्यांनीही हे ऐकावं. वर्षभर अशा चाऱ्यावर दूध काढलं तर हाडांची कणगीच रिकामी होत जाते. म्हणून दूध देणाऱ्या गायीला खनिज मिश्रण रोज हवंच. कॅल्शियम नको असं मी म्हणत नाहीये. दुधात असताना द्या, शेवटच्या तीन आठवड्यांत हात आखडा, व्यायली की पुन्हा द्या. विण्याआधीसाठी वेगळं खनिज मिश्रण मिळतं, त्यात मॅग्नेशियम असलं पाहिजे, कारण मॅग्नेशियमशिवाय ती ग्रंथी कामच करत नाही.

मोठ्या गोठ्यांत या काळात ॲनायोनिक क्षार देतात, आहार आम्लाकडे झुकवायला. चांगली पद्धत आहे, पण ती आंधळेपणानं करू नका. चव वाईट असल्यानं गाय खाणं कमी करते, आणि खाणं कमी होणं हे स्वतःच संकट आहे. ते चालू असताना लघवीचा सामू पट्टीनं तपासावा लागतो, ६ ते ७ च्या दरम्यान हवा. पहिलारू कालवडीला सहसा याची गरज नसते. आणि व्यायली की त्याच दिवशी बंद. दोन-चार गायींच्या गोठ्यात नुसता चारा बदलला तरी बरंच काम होतं.

धोका कुणाला जास्त? तिसऱ्या वेतापासून पुढच्या गायींना, जर्सी रक्ताच्या गायींना, आणि मागच्या वेताला एकदा बसलेल्या गायीला. अशा गायीला विल्याबरोबर, ती उभी असताना, तोंडावाटे कॅल्शियमची जेल द्या आणि बारा तासांनी पुन्हा. उभी असताना म्हणतोय. बसलेल्या, मान टाकलेल्या गायीला तोंडातून काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. आणि शिरेतून बाटली लावणं हे डॉक्टरचंच काम आहे. वेगानं गेलेलं कॅल्शियम हृदय बंद पाडतं. मेलेली गाय बघून लोक म्हणतात आजारानं गेली; कधी कधी ती बाटलीनं गेलेली असते.

डॉक्टर यायला वेळ असेल तर एवढं करा. गायीला छातीवर बसती ठेवा, बाजूंनी भुश्याची पोती लावा, आडवी होऊ देऊ नका, नाहीतर पोट फुगतं. खाली मऊ पेंढा टाका, दर दोन-तीन तासांनी कूस बदला. सहा-सात तास एकाच मांडीवर वजन पडलं तर स्नायू मरतात, आणि मग कॅल्शियम देऊनही गाय उठत नाही.

बसलेली गाय निदान दिसते तरी. न दिसणारा प्रकार जास्त नुकसान करतो. कॅल्शियम थोडंच कमी आहे, गाय उभी आहे, खाते थोडं कमी, बस. पण स्नायूंना आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. गर्भाशय हा स्नायू आहे, म्हणून वार अडकते, मायांग बाहेर येतं. सडाचं तोंड बंद ठेवणारा स्नायू ढिला पडतो, म्हणून कासदाह होतो. पोटाची हालचाल मंदावते, म्हणून खाणं आणखी घटतं. चार वेगळे आजार, चार वेगळी बिलं, आणि मूळ एकच.

इथूनच किटोसिसकडे वाट जाते. एक लिटर दूध तयार करायला गायीला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. वीस लिटरला जवळजवळ दीड किलो, रोज. ही साखर तिला चाऱ्यातून सरळ मिळत नाही, यकृतात बनवावी लागते. खाणं कमी आणि दूध जास्त, अशी अवस्था आली की शरीर चरबी वितळवतं. सगळी चरबी एकदम यकृतावर आली की ते ती पूर्ण जाळू शकत नाही, अर्धवट जळून किटोन तयार होतात. गाय आधी खुराक सोडते, कडबा चघळत राहते, दूध उतरतं, अंग झपाट्यानं उतरतं, तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. विल्यानंतर दहा दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंत हे दिसतं. लोक म्हणतात दृष्ट लागली. लघवीच्या पट्टीवर किंवा रक्ताच्या थेंबावर पाच मिनिटांत कळतं, रक्तात १.२ मिलिमोलच्या वर गेलं की छुपा किटोसिस समजा.

इथं गुळाबद्दल बोललंच पाहिजे. गुळाचं पाणी पाजलं की साखर मिळेल, असं सगळ्यांना वाटतं. माणसाला मिळेल. गायीच्या पोटातले सूक्ष्मजीव तो गूळ आधी खाऊन टाकतात, रक्तात साखर म्हणून फारसं काही पोचत नाही. म्हणून शिरेतून डेक्स्ट्रोज आणि तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल, असा उपचार असतो. आणि सर्वांत जास्त किटोसिस होतो कुणाला? आटलेल्या काळात लठ्ठ झालेल्या गायीला. विताना शेवटच्या एक-दोन बरगड्या हलक्या दिसायला हव्यात. गाभण आहे म्हणून दोन महिने पेंड चारून गोल केलेली गाय विण्याच्या सुमारास कमी खाते, हे पक्कं लक्षात ठेवा.

म्हशीवाल्यांसाठी थोडक्यात. म्हशीत फॉस्फरस कमी पडून लाल लघवीचा आजार होतो, गाभणकाळाच्या शेवटी किंवा विल्यावर. लघवी कॉफीच्या रंगाची, तांबड्या पेशी फुटलेल्या, म्हैस पांढरीफटक. गोचीड तापातही लघवी लाल होते, पण तिथं जोराचा ताप असतो. थर्मामीटर लावल्याशिवाय कुणालाही इंजेक्शन टोचू देऊ नका.

आता वासराकडे. हे शेवटी ठेवलं, कारण आपण गोठ्यातही ते शेवटीच ठेवतो.

कॅल्शियम कमी असलेल्या गायीचं गर्भाशय जोर लावत नाही. विणं लांबतं. तेवढा वेळ वासरू अडकून, नाळेतून प्राणवायू कमी. त्याच्या रक्तात आम्ल साठतं. असं वासरू जन्मतं तेव्हा जिवंत असतं, पण मलूल. चांगलं वासरू अर्ध्या तासात उठायची धडपड करतं, दोन तासांच्या आत सड शोधतं. हे पडून राहतं. थंडीचे दिवस असले तर अंगातली थोडीशी चरबी काही तासांत संपते, साखर घसरते, अंग गार पडतं. गार पडलं की ते आणखी कमी चोखतं. त्याची आई कोपऱ्यात बसलेली, आणि घरचे सगळे आईभोवती. मावशींच्या गोठ्यात त्या पहाटे नेमकं हेच चाललं होतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

चिकाची घाई का, तर गायीच्या वारेतून प्रतिपिंडं वासराकडे जातच नाहीत. माणसाच्या बाळाला काही संरक्षण पोटातच मिळतं, वासराला शून्य. सगळं चिकातून. आणि वासराचं आतडं ती प्रतिपिंडं अखंड शोषून घेतं फक्त पहिल्या दिवशी. त्यातही पहिले दोन तास सर्वांत चांगले, सहा तासांनंतर दार मिटायला लागतं, चोवीस तासांत बंद. वार पडायला कधी सहा तास लागतात, कधी बारा, कधी पडतच नाही. त्या वारेचा आणि वासराच्या पिण्याचा काहीही संबंध नाही. उलट वासरू चोखायला लागलं की गायीला पान्हा फुटतो आणि त्याच संप्रेरकानं गर्भाशयही आकुंचन पावतं. वार पडायला मदतच होते.

किती पाजायचा? वजनाच्या दहावा भाग. २५-३० किलोच्या वासराला अडीच ते तीन लिटर, पहिल्या दोन तासांत निम्म्याहून जास्त, उरलेला सहा तासांच्या आत. नुसतं सडाला लावून सोडू नका, किती प्यायलं ते कळत नाही. पिळून बाटलीनं पाजा. चीक चांगला आहे का हे बघायचं असेल तर तुमच्या गावात कुणा द्राक्षबागायतदाराकडे गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल. त्यावर चिकाचा एक थेंब टाका. २२ किंवा वर आकडा आला तर उत्तम. हा चीकही गाय आटलेल्या काळातच, शेवटच्या काही आठवड्यांत कासेत साठवते. दूध आटवलंच नाही, विण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत पिळत राहिलात, तर चीक पातळ निघतो. त्या काळात नुसता वाळला पेंढा खाल्लेल्या गायीचं वासरू अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं कधी अशक्त, कधी आंधळंही जन्मतं. घास नको म्हटलं म्हणून हिरवं तोडू नका. हिरवा मका आहे ना.

हगवणीबद्दल एकच गोष्ट. वासरू हगवणीनं मरतं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते मरतं पाणी आणि क्षार गेल्यानं आणि रक्तात आम्ल वाढल्यानं. तोंडात स्वच्छ बोट घाला. जोरात चोखलं तर वेळ आहे, तोंडावाटे ओआरएस द्या, दिवसाला दोन-तीन लिटर, थोडं थोडं. चोखणं ढिलं आणि तोंड गार लागलं तर थांबू नका, शिरेतून द्रव द्यावं लागेल, डॉक्टरांना बोलवा. दूध बंद करू नका, साखर तिथूनच येते. फक्त दूध आणि ओआरएस एकत्र कालवू नका, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. आणि दोन-तीन महिन्यांचं, नुसत्या दुधावर ठेवलेलं वासरू झटके देऊ लागलं तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. दुधात ते फार थोडं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर खुराक आणि कोवळं गवत तोंडाशी ठेवायचं ते यासाठीही.

राहिला प्रश्न खरवसाचा, जो प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच. खुशाल करा. संकरित गाय पहिल्या वेळी वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. पण आधी वासराचे तीन लिटर बाजूला, मग पातेलं. त्यातूनही एक लिटर स्वच्छ बाटलीत भरून, तारीख लिहून, बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी कुणाची गाय बसली, वासरू उपाशी राहिलं, तर तो वर्षभर उपयोगी पडतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नाही. तापवला की चिकातली प्रथिनं गोठतात, प्रतिपिंडंही त्यातच. खरवस घट्ट होतो तो त्यामुळेच.

त्या मावशींची गाय दीड वर्षानं पुन्हा व्याली. शेवटचे तीन आठवडे घास बंद होता, बाटली बंद होती, मक्यावर ठेवली होती. रात्री अकराला फोन आला. मी घाबरतच उचलला.

"डॉक्टर, कालवडच आहे. वार अजून पडली नाही, पण तीन लिटर पाजून झालाय. गाय उभी आहे. आता खरवसाला किती ठेवू?"